परीक्षेपुरते परके

ओटावाजवळच्या कनाटातल्या आपल्या बेसमेंटमध्ये, पायजम्यावर, मांडीत चिवड्याची वाटी घेऊन इंग्लंडची मास्टर्स डिग्री मिळवता येते, हे विलास गद्रेने ओटावा भागातल्या प्रत्येक मराठी माणसाला निदान दोनदा ऐकवलं होतं. गणपतीच्या आरतीआधी ऐकवलं, आरतीनंतर ऐकवलं, आणि दोन्ही वेळा निसटलेल्या एकाला ग्रोसरीच्या रांगेत गाठून ऐकवलं.

"ब्रिटनच्या युनिव्हर्सिट्या आता ऑनलाइन निघाल्यात," तो सांगायचा. "लेक्चर व्हिडिओवर, लायब्ररी कॉम्प्युटरवर. माझ्या ग्रुपमध्ये एक बाई नैरोबीची आहे, एक इंजिनिअर तर चक्क बोटीवर आहे. बघाल तुम्ही, पुढे कॉलेजच्या इमारतीत कबुतरं राहतील!"

या फुशारकीच्या आड धाकधूक होती. साल २००९. कनाटातल्या टेलिकॉम कंपन्यांत अधूनमधून कुणीतरी आपला कॉफीचा मग आणि पोरांचे फोटो खोक्यात भरून पार्किंगकडे निघालेलं दिसायचं. विलासच्या बॉसने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की उन्हाळ्याआधी डिग्री हातात पडली तर तुला नव्या टीममध्ये घेता येईल. नाही पडली तर काय, हे बॉस बोलला नाही आणि विलासने विचारलं नाही. आता शेवटचा एकच पेपर राहिला होता.

आणि तिथेच गाडी अडली. सगळं शिक्षण हवेतून देणाऱ्या त्या युनिव्हर्सिटीला परीक्षा मात्र कागदावर, पेनाने आणि समोर सुपरवायझर बसवून हवी होती. हा सुपरवायझर विद्यार्थ्यानेच आपल्या गावात शोधायचा. तो समाजात मान असलेला हवा, विद्यार्थ्याच्या ऑफिसातला नको, आणि मुख्य म्हणजे नात्यातला नको.

"एवढंच ना?" विलास बायकोला म्हणाला. "उल्का, अगं सगळ्या कॅनडात आपलं नात्यातलं आहे कोण? इथे तर रान मोकळं आहे."

त्याने पहिलं नाव दिलं दिलीप कारखानीसांचं. मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, टेलिकॉममधून रिटायर झालेले इंजिनिअर, भारदस्त माणूस. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागातल्या मिसेस प्रिचर्ड यांनी त्यांना ईमेलने विचारलं, की आपण विद्यार्थ्याला कसे ओळखता? दिलीपकाकांनी चष्मा पुसून, मन लावून उत्तर लिहिलं: 'मी त्याचा काका. तो या देशात उतरला त्या दिवसापासून मला मुलासारखा आहे.'

मिसेस प्रिचर्डनी दुसऱ्याच दिवशी विलासला कळवलं, की क्षमस्व, काका चालत नाहीत.

"काका, असं कसं लिहिलंत?" विलासने फोनवर डोक्याला हात लावला.

"मग काय लिहू? पाहुणा आहे म्हणून? विल्या, अरे कुणी विचारलं तर खरं सांगायला नको?"

दुसरं नाव वाल्मिकदादांचं. सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर, आंबेडकर असोसिएशनचे सेक्रेटरी, शब्दाचे पक्के. दर जयंतीला त्यांच्या कार्यक्रमात माइक आणि स्पीकर विलासच लावायचा. या वेळी विलासने आधीच बजावलं, "दादा, नातं विचारलं तर सरळ 'नाही' लिहा."

वाल्मिकदादांनी तसंच लिहिलं. पण एवढंच लिहून ईमेल पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी खाली जोडलं: 'नातं नाही. पण माझी मुलं त्याला काका म्हणतात, आणि आमचं घर त्याचंच आहे.'

मिसेस प्रिचर्ड चक्रावल्या. ज्याची मुलं आपल्या विद्यार्थ्याला काका म्हणतात, तो माणूस विद्यार्थ्याचा भाऊ असणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. वर, दोघं एकाच घरात राहत असूनही पत्ते वेगळे का दिलेत, असंही विचारलं.

आता विलासचंही डोकं भणभणायला लागलं. शेजारच्या गोऱ्या माणसाला विचारावं, तर गेली कित्येक वर्षं दोघं हिवाळ्यात रोज ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना 'कोल्ड इनफ फॉर यू?' म्हणत होते आणि नाव काही विचारायचं राहून गेलं होतं. आता कुठल्या तोंडाने विचारणार? मग त्याला एक नामी युक्ती सुचली. ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही, अशाच माणसाचं नाव द्यावं. मंडळाच्या नाटकाच्या तालमीतल्या भांडणापासून मंडळातला नंदन आणि तो एकमेकांकडे बघतही नव्हते. नंदनने ईमेलला बाणेदार उत्तर दिलं: 'आम्ही एकमेकांशी बोलत नाही.'

मिसेस प्रिचर्डनी विलासला लिहिलं, 'तुमच्या घरातल्या कलहाबद्दल ऐकून वाईट वाटलं. पण नियमाला आमचा इलाज नाही.'

तेव्हा मात्र विलासचा तोल सुटला. त्याने एका दमात लांबलचक ईमेल लिहिली. यातलं कुणीही माझ्या नात्यातलं नाही, कॅनडात बायको आणि मुलगी सोडून माझं कुणीही नाही, आणि मिस्टर कारखानीस हे माझे काका नाहीत, कधीही नव्हते! खाली सही ठोकली, ईमेल पाठवली आणि तो गाढ झोपला.

युनिव्हर्सिटी नियमाची पक्की. मिसेस प्रिचर्डनी ती ईमेल जशीच्या तशी दिलीपकाकांकडे पाठवून विचारलं, की हे आपणांस मान्य आहे काय? असल्यास, आमचा एकमेकांशी काहीही संबंध नाही असं दोघांनी सही करून द्यावं, म्हणजे आपली नेमणूक करता येईल. सहीचा कागद आणि पत्राची प्रत विलासलाही आली.

त्या दिवसापासून काकांनी फोन उचलला नाही. काकूंनीही नाही.

"तू लिहिलंसच कसं?" उल्काचा आवाज चढला. "आपण आलो तेव्हा एअरपोर्टवर तुझ्या मापाचा कोट घेऊन कोण उभं होतं?"

"बट टेक्निकली, ही इज नॉट युअर अंकल, बाबा," ऊर्मी जेवता जेवता म्हणाली.

"ऊर्मी, तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले. विलासने ताट बाजूला सारलं. आपण खोटं काही लिहिलं नाही, हे त्याला कळत होतं, आणि तरी चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी तो काकांच्या दारात जाऊन उभा राहिला. एरवी 'ये रे विल्या' म्हणून पाठीत थाप घालणारे काका दार उघडून म्हणाले, "या, मिस्टर गद्रे. बसा."

विलास उभाच राहिला.

"काका, माझं ऐका तरी."

"तुम्ही लिहिलंत त्यात चूक काय? तुम्ही गद्रे, मी कारखानीस. एअरपोर्टवर काय, कुणीही कुणाला घ्यायला जातं."

"आणि ऊर्मीच्या वेळी मी डिंकाचे लाडू वळले," चित्राकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ते बहुतेक कॅनडा सरकारतर्फे."

विलासला रडूच कोसळायचं बाकी होतं. "परीक्षा गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "मी त्यांना कळवतो, तुम्ही माझे काकाच आहात म्हणून." हे बोलताना बॉस, नोकरी, मॉर्गेज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं होतं. तरी तो बोलला, आणि बोलल्यावर त्याला बरं वाटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तो सहीचा कागद आणलायस?"

"काका, नको."

"आण इकडे. तुझी नोकरी जायला नको. पण एक सांगून ठेवतो, मी सही केली की ती पाळतो."

काकांनी सही केली. खाली विलासनेही केली.

परीक्षा लायब्ररीतल्या एका खोलीत होती. काका सूट-टाय घालून आधीच येऊन बसले होते. विलास हसला. काका हसले नाहीत.

"पासपोर्ट?"

विलासने दिला. काकांनी फोटो पाहिला, विलासला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "यात केस बरेच दिसतात," ते म्हणाले आणि तशी नोंद करून घेतली. त्यांनी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल काढून टाकलं. वॉशरूमला जायचं असल्यास हात वर करायचा, असंही सांगितलं. मग थर्मास उघडून आल्याचा चहा ओतला आणि विलाससमोर बसून एकट्याने प्यायला. बारा वर्षांत काकांनी त्याच्यासमोर एकट्याने चहा पहिल्यांदाच घेतला असेल. विलासचं निम्मं लक्ष त्या कपाकडेच होतं.

दुसरा प्रश्न मात्र त्याला असा काही सापडला, की त्याने पानंच्या पानं भरली. काका फेऱ्या मारता मारता त्याच्या मागे येऊन थांबले, बराच वेळ वाचत उभे राहिले, एक मोठा उसासा टाकला आणि खिडकीकडे गेले. काकांना भरून आलं असणार, असं विलासला वाटलं.

"टाइम इज ओव्हर, मिस्टर गद्रे." पेपर पाकिटात गेला, पाकिटाला सील लागलं, बाहेर कुरिअरच्या माणसाने ते उचललं. ते गेल्यावर काकांनी टाय सैल केली.

"चल रे विल्या. काकूने थालीपीठं लावलीत. उल्का आणि ऊर्मी कधीच्या पोचल्यात."

विलासचा जीव भांड्यात पडला. गाडीत हीटर सुरू झाला, एअरपोर्टवरच्या कोटाची जुनी गोष्ट, मंडळाचा जुना विषय, सगळं पहिल्यासारखं झालं.

"दुसरा प्रश्न कसा गेला?" काकांनी विचारलं.

"एकदम फर्स्टक्लास!"

"हं. पहिल्याच ओळीत तू अधिकच्या जागी उणे घेतलंस. पुढचं सगळं त्याच्यावर रचलंस. बाकीच्या प्रश्नांवर पास होशील म्हणा, काठावर."

विलास सीटवरून उठायचाच बाकी राहिला. "काका, तुम्ही बघत होतात? मग नुसतं खोकायचं तरी होतं."

"माझा पुतण्या असता तर खोकलो असतो," काका इंडिकेटर देत शांतपणे म्हणाले. "मिस्टर गद्रेंसाठी मी कशाला घसा खराब करून घेऊ?"