फ्रिजच्या अलीकडे, पलीकडे

फ्रिज स्वयंपाकघराच्या दारात अडकला तेव्हा सासू आत होती आणि सून बाहेर. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. चहाचं प्रकरण झाल्यापासून त्या दोघी तशाच राहत होत्या. एक आत असली की दुसरी बाहेर.

दोघींच्या मध्ये बाइंडर होता. सासूचा मुलगा आणि सुनेचा नवरा. दिवसभर छापखान्यात पुस्तकं बांधायची आणि घरी आलं की निरोप पोचवायचे, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

"तिला सांग, दूध तापवलंय."

"त्यांना सांगा, दिसलं मला."

दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर उभ्या असल्या तरी निरोप त्याच्यामार्फतच जायचा. त्यानेही तो इमानेइतबारे पोचवायचा. "आई, तिला दिसलं," असं तो गंभीरपणे सांगायचा.

चहाचं प्रकरण असं की, सुनेची आई पहिल्यांदाच राहायला आली होती आणि सासूने तिच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्या माउलीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि "छान झालाय" म्हणाली. ते "छान झालाय" सुनेच्या जिव्हारी लागलं. आई गेल्यावर ती म्हणाली, "मुद्दाम केलंत." सासूने त्यावर "चुकून झालं" एवढंही म्हटलं नाही. नुसती गप्प बसली. तेव्हापासून बोलणं बंद.

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर उभं राहायचं आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ओट्याशीही उभंच राहायचं. फ्रिज असता तर एक वेळचा स्वयंपाक वाचला असता. पण बाइंडरच्या घरात वस्तू सहज येत नसत. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटायची, टूथपेस्टची ट्यूब आधी पिळून, मग लाटून आणि शेवटी कात्रीने कापून संपायची. अशा घरात दोन वर्षं पैसे बाजूला टाकून झाल्यावर एका बंद पडलेल्या खानावळीचा जुना फ्रिज स्वस्तात मिळत असल्याची बातमी आली.

"आई, फ्रिज घेऊ ना?" बाइंडरने विचारलं होतं.

आई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग "घे" म्हणाली. मधला पुष्कळ वेळ सुनेने बरोबर लक्षात ठेवला.

घोटाळा टेपचा झाला. आई पूर्वी घरी शिवणकाम करायची. पुढे "कंटाळा आला" म्हणून तिने मशीन विकून टाकलं, पण टेप घरात होती. तिचे सुरुवातीचे तीन इंच झिजून तुटले होते. आई शिवायची तेव्हा ती तेवढे वजा करून मापं घ्यायची. बाइंडरला हे ठाऊक नव्हतं. त्याने त्याच टेपने दार मोजलं, आणि फ्रिज मात्र खानावळवाल्याच्या टेपने. त्यामुळे कागदावर दार तीन इंचांनी ऐसपैस झालं.

रविवारी सकाळी दोन हमालांनी फ्रिज वर आणला. आई आत ओट्याशी होती, गॅसवर दूध होतं.

"आई, आतून बघ गं, जागा आहे का!" बाइंडर ओरडला.

"आहे, आहे! या!"

"डावीकडे लागत नाही ना?"

"कुठे लागतोय! भरपूर जागा आहे. लोटा!"

हमालांनी खांदा लावून लोटला. कर्र असा आवाज झाला आणि फ्रिज चौकटीत असा रुतून बसला की जणू घर बांधतानाच तिथे ठेवला होता. पुढे जाईना, मागे येईना. हमालांनी पुन्हा जोर लावला तेव्हा वरचा गिलावा तेवढा पडला.

"आमचं काम वर आणून द्यायचं होतं," थोरला हमाल म्हणाला. "आणून दिलाय." आणि ते निघून गेले.

सून नवऱ्याकडे वळली. "भरपूर जागा आहे म्हणाल्या! ऐकलंत ना? समोर उभ्या राहून सांगितलं!"

"अगं, तिला वाटलं असेल..."

"मुद्दाम केलं. त्यांना फ्रिज नकोच होता."

बाइंडरने हा निरोप आत पोचवला नाही. तो सुतार शोधायला गेला. जाताना फक्त म्हणाला, "मी येईपर्यंत काही लागलं तर..." आणि पुढे काय सांगावं ते न सुचून जिना उतरला.

सून खुर्चीवर बसून राहिली. थोड्या वेळाने पलीकडून फस्स असा आवाज आला, मग दुधाचा करपट वास, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक वास. सुनेने मान वर केली. सासूच्या बांगड्या ओट्यावर आपटत होत्या.

"अगं," पलीकडून आवाज आला. कित्येक दिवसांनी निरोप्याशिवाय आलेला. "अगं, बघ जरा. जाळ आहे का विझलाय?"

सुनेने स्टूल ओढलं, वर चढून फ्रिजवरून आत पाहिलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण उघडंच होतं. सासू शेगडीसमोर उभी होती, आणि भिंतीवर अंधारात विजेचं बटण शोधावं तशी ओट्यावरून हात फिरवत होती. लख्ख उजेडात.

"विझलाय! गॅस चालू आहे! बंद करा!"

"कुठे..."

"डावीकडे. नाही, तो खलबत्ता. खाली घ्या हात. आणखी डावीकडे. हां, तेच! फिरवा. पूर्ण फिरवा." सून स्टुलावरून आणखी पुढे वाकली. "आता सिलिंडरचं बटण बंद करा. मग खिडकी. काडी पेटवू नका. दिव्याला हात लावू नका."

सासूने सगळं केलं. भिंत धरून खिडकीपर्यंत गेली, ती उघडली आणि तिथेच उभी राहिली. वास हळूहळू विरला. सून फ्रिजवर दोन्ही हात टेकून तशीच राहिली.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं की."

"काय दिसतं?"

सासूने थोडा विचार केला. "उजेड दिसतो. माणूस आहे हे दिसतं. कोण आहे ते आवाजावरून कळतं."

"कधीपासून?"

"सुईत दोरा जाईना तेव्हापासून. मशीन उगाच विकलं का?"

सून हळूच म्हणाली, "आणि चहातलं मीठ?"

"आधी डबे वेगवेगळे होते गं. हाताला कळायचे. तू ते सेलमधले नवे आणलेस, सगळे एकसारखे. मी चव बघून घालायचे. त्या दिवशी तुझी आई दारात उभी, माझी धांदल उडाली."

"मग सांगायचं ना! मी केवढं बोलले तुम्हाला!"

"सांगितलं असतं तर डोळ्यांचं कळलं असतं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून टाका. त्याच आठवड्यात ह्याने फ्रिजचं विचारलं. पैसे एकाच कामापुरते." सासूने पदराने ओटा पुसायला घेतला. भलताच, कोरडा भाग पुसत होती. "तू दिवसभर उभी असतेस. म्हटलं, आधी फ्रिज येऊ दे. डोळे काय, कधीही करता येतील."

सुनेने नाक ओढलं.

"रडू नकोस. स्टुलावर आहेस, पडशील," सासू म्हणाली.

बाइंडर सुताराला घेऊन आला तेव्हा सून फ्रिजच्या माथ्यावर कोपर टेकून सासूने वरून दिलेला चहा पीत होती आणि पलीकडून सासू सांगत होती, "...लहानपणी तर मातीसुद्धा खायचा." दोघी हसत होत्या. त्याला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्या मजल्यावर आलो.

"काय झालं?" त्याने विचारलं.

सुनेने त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला. पुस्तकांची शिलाई एका टाक्याने चुकली तरी त्याला लांबून दिसायची. आईकडे त्याने कधी तसं पाहिलंच नव्हतं. "आई, मला का नाही..." तो म्हणाला.

सुताराने घाई केली. "काय कापायचं ते सांगा. दार का फ्रिज?"

"दार," सून म्हणाली. "आणि फ्रिज आत नाही, बाहेर काढायचा. तो विकायचाय."

"अगं, पण तुझा त्रास..." बाइंडर म्हणाला.

"फ्रिज काय, कधीही घेता येईल."

सुताराने चौकट कापली. आई बाहेर आली आणि सुनेने तिचा हात धरला. सुतार मात्र फ्रिजभोवती दोन फेऱ्या मारून, दरवाजा उघडून, आत डोकं घालून म्हणाला, "विकायचाच असेल तर मीच घेतो. बायको केव्हापासून मागे लागलीये." मग त्याने स्वतःची टेप काढून फ्रिज सगळीकडून मोजला, घरी जाऊन दार मोजून आला आणि खात्रीसाठी फ्रिज पुन्हा मोजला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि आई घरी आली. संध्याकाळी खिडकीशी बसून तिने चष्मा जरा वर केला आणि आधी सुनेला जवळ बोलावलं. हनुवटी धरून तिचा चेहरा निरखला.

"किती वाळलीस गं. तुझ्या आईने पाहिलं तर मला काय म्हणेल?"

"छान आहे म्हणेल," सून म्हणाली.

तेवढ्यात बाइंडर कामावरून आला, चपला काढून आईसमोर येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. चष्मा आणखी वर केला. पुन्हा पाहिलं.

"अरे, तुझे केस कुठे गेले?"

बाइंडरचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे त्याला धरायला काही सापडलं नाही. "गेले, आई. हळूहळू."

"सगळे? आणि मला कुणी सांगितलं नाही?" ती सुनेकडे वळली. "तू तरी सांगायचंस!"

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

बाइंडर काचेच्या कपाटात स्वतःला बघत होता. मग दोघींकडे वळून त्याने अतिशय गंभीरपणे विचारलं, "फार वाईट दिसतं का गं?"

सासूने सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूकडे. आणि दोघी एकदम म्हणाल्या,

"छे! कळतसुद्धा नाही."