तानुबाईचा पाय आणि पहिला नंबर

शास्त्र असं सांगतं, की माणूस रोगानं मरत नाही, अज्ञानानं मरतो. (कोणतं शास्त्र, ते परिपत्रकात दिलेलं नव्हतं.) रोगाला औषध लागतं, औषधाला फ्रीज लागतो, फ्रीजला वीज लागते, आणि माण तालुक्यात वीज येते ती जावयासारखी, सणासुदीला. अज्ञानाला मात्र एक पेटी, एक ढोलकी आणि एक माइक पुरतो. तेव्हा शहरातला मधुमेही आणि खेड्यातला मधुमेही यांच्यातली दरी बुजवायची तर अज्ञानापासून सुरुवात करणंच शहाणपणाचं, असं एकोणीसशे शहाण्णव साली वरच्या कचेरीत ठरलं. अशा रीतीनं ‘कला व तंत्रज्ञानाद्वारे आरोग्य-विषमता निर्मूलन अभियान’ म्हसवडच्या पुढं खडकवाडीला येऊन थडकलं.

तानुबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होता तिचा उजवा पाय. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला होता, काटा निघाला, पण जखम काही भरेना. अंगात साखर, त्यात ही जखम. आणि गंमत म्हणजे ती दुखत नव्हती.

“दुकत न्हाई म्हणून तर भ्या वाटतं गं,” ती शेजारच्या शालूबाईला म्हणाली. तानुबाईच्या थोरल्या जावेचा पायही असाच दुखत नव्हता. तो आधी गुडघ्यापासून गेला आणि पाठोपाठ जाऊ गेली. तानुबाईनं त्याचा असा धसका घेतला होता, की रात्री चिमणी घेऊन ती स्वतःचाच पाय न्याहाळत बसायची.

म्हणून मंगळवारी ती सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसली. साखरेच्या तपासणीचा वार मंगळवार. नंबर यायच्या आत तिथं आले आरोग्य विस्तार अधिकारी नानासो खाडे. नानासोंनी अभियानासाठी ‘वेळीच दाखवा पाय’ हे नाटक एका बैठकीत लिहून काढलं होतं. म्हातारी पायाची जखम लपवते, यम दारात येतो, इतक्यात डॉक्टर येतात आणि म्हातारी वाचते. यम मिळाला होता (ग्रामसेवक), म्हातारी मिळत नव्हती. रांगेत कुणाशी तरी भांडणारा तानुबाईचा खणखणीत आवाज त्यांनी ऐकला आणि ते जागच्या जागी हरखले.

“मावशी, तुमी आमच्या नाटकात या.”

“आवं, मला कसलं नाटक येतंय? माजा पाय बगा आदी...”

“पायच तर पायजे आमाला!” नानासो म्हणाले.

डॉक्टरांची भूमिका साक्षात डॉक्टरच करणार होते. डॉ. जयराज जगदाळे यांना कॉलेजपासून रंगभूमीचं वेड. डॉक्टरकी आईबापांनी लादलेली होती. “तालमीला या, तिथंच पाय बघतो की,” ते म्हणाले, आणि तानुबाई तेवढ्या आशेवर कलावंत झाली. तालमीत मात्र डॉक्टर स्वतःचे संवाद पाठ करत, पाय बघायचं प्रयोगावर ढकलत.

प्रयोग मंगळवारी ठरले. साखरेची तपासणी मंगळवारी, तर साखरेचं नाटकही मंगळवारीच, म्हणजे एका विषयाचं सगळं एकाच वारी उरकतं. दवाखान्याच्या दाराला पाटी लागली: ‘डॉक्टर जनजागृतीसाठी गेले आहेत. रुग्णांनी जागृत राहावे.’ इतर वारी तानुबाई गेली, तर कंपाउंडर दारातूनच सांगायचा, “साखरवाल्यांनी मंगळवारी यायचं. नेम म्हंजी नेम.” आता नेमाला कुणाचा बाप अडवणार?

पहिल्या प्रयोगाला नानासो लाल रंग नि कापूस घेऊन जखम रंगवायला बसले. तानुबाईनं चिंधी सोडली. नानासो बघतच राहिले. “हे कुनी क्येलं? लय भारी जमलंय!” असं म्हणून त्यांनी रंगाची डबी झाकून ठेवली. सरकारी रंग वाचला.

नाटकात डॉक्टर तिचा पाय हातात घेत. नजर मात्र प्रेक्षकांकडे, कारण प्रेक्षकांकडे दुर्लक्ष करणारा नट पडतो. पाय हातात आलाच आहे तर सांगून टाकावं, म्हणून तानुबाई हळूच पुटपुटली, “डाक्टरसाएब, ह्यो पाय खरंच कुजतोय वो.” माइक जवळच होता. मैदानात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की यम विंगेतून बाहेर डोकावला. नानासोंनी ते वाक्य त्याच दिवशी संहितेत घातलं. पुढच्या गावी ती काकुळतीला येऊन ओरडली, “आवं, खोटं न्हाई हे, आईच्यान!” त्याला शिट्ट्या पडल्या. तेही संहितेत गेलं.

प्रयोग संपल्यावर डॉक्टरांना गाठावं, तर सत्कार. शाल, नारळ आणि सभापतींच्या हातून कंदी पेढा. सभापतींनी तोंडाशी धरलेला पेढा नाकारायचा, तर गावाचा नळ बंद होतो. मधुमेहाच्या कार्यक्रमात पेढे का, असं एका मास्तरांनी विचारलं. त्यांनाही एक पेढा देण्यात आला. तानुबाईच्या तोंडातला पेढा गिळून होईपर्यंत डॉक्टर पाहुण्यांच्या जीपमधून जेवायला गेलेले असायचे.

अभियानाच्या अहवालानुसार तालुक्यात जागृती चौऱ्याऐंशी टक्के वाढली. (तपासलेले रुग्ण: निरंक. तपासणारे प्रयोगात होते.) सांगलीच्या स्पर्धेत नाटकाचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी ‘पायाचा सूक्ष्म अभिनय’ यासाठी खास उल्लेख केला. अंगठा तोवर काळा पडला होता. दिव्यांच्या उजेडात तो फार उठून दिसे.

सांगलीतच नाटकाची व्हिडिओ कॅसेट निघाली. आता कलावंतांना गावोगाव हिंडायची गरज उरली नाही, कॅसेटच हिंडणार. “मावशी, आता तुमी मोकळ्या,” नानासो म्हणाले. तानुबाईनं आकाशाकडं बघून हात जोडले. इतका आनंद तिला पहिल्या नंबराचाही झाला नव्हता.

मंगळवारी ती काठी टेकत दवाखान्यात गेली. डॉक्टर हजर होते! रांगेची करमणूक व्हावी म्हणून वऱ्हांड्यात टीव्ही लावला होता आणि त्यावर तेच नाटक चाललं होतं. तानुबाईनं रांग मोडली. सरळ टेबलापाशी जाऊन पाय वर ठेवला, चिंधी सोडली आणि म्हणाली, “डाक्टरसाएब, ह्यो पाय खरंच कुजतोय वो. आईच्यान!”

सगळी रांग वळली. तीच बाई, तोच पाय, तेच वाक्य, आणि तेही फुकटात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी उठून प्रेक्षकांना नमस्कार केला. तानुबाईला रडू फुटलं, अगदी हमसून हमसून, लेकरासारखं. टाळ्या वाढल्या.

पुढं मिरजेला तिचा पाय गुडघ्यापासून काढला. तानुबाई जगली हे अभियानाचं यश म्हणून अहवालात आहे. नानासो सध्या नव्या कॅसेटसाठी दुसरी म्हातारी शोधताहेत. अट एकच, पाय असावा. तुमच्या घरात कुणी चार दिवस पाय धरून बसलं असेल, आणि ‘असू दे, वय झालं’ असं म्हणून तुम्ही इथं तानुबाईला हसत बसला असाल, तर तेवढं नानासोंना कळवा.