झाकण, मोटर आणि नवरा

“गिऱ्हाइकांचं म्हणणं काय, ते आज मी ठरवणार,” पोह्यांवर लिंबू पिळत पुरुषोत्तमने जाहीर केलं. सुचेताने डाळ भिजत घातली. इंजिनिअर नवऱ्याशी सकाळी वाद घालू नये, हे ती पुण्याहूनच शिकून आली होती.

बंगळुरातल्या यशवंतपूरच्या कारखान्यात मिक्सर बनत. मोटरचं काम पुरुषोत्तमचं, झाकणाचं त्याचा सहकारी गुंडूरावाचं. सत्त्याण्णव सालचं नवं मॉडेल धडाधड परत यायला लागलं, तेव्हा मालक भगवंतरावांनी टायपिस्ट पवित्राला घरोघर पाठवलं. बायका जे बोलल्या ते तिने चिठ्ठ्यांवर उतरवलं. आता सगळ्यांनी बसून सारख्या तक्रारींच्या चिठ्ठ्यांचे वेगवेगळे ढीग लावायचे होते. ज्याच्या नावाचा ढीग मोठा, त्याची बदली हुबळीच्या डेपोत. गिऱ्हाइकाचं ऐकणं वगैरे सगळी थाप. बळीचा बकरा शोधायची ही सभ्य रीत!

पंखा बंद करून चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. ‘जळका वास येतो’ ही चिठ्ठी पुरुषोत्तमने झाकणाकडे सरकवली. झाकण सैल, म्हणून वास बाहेर येतो, असं त्याचं शास्त्र. गुंडूरावाने ती मोटरकडे परत ढकलली. चिठ्ठी फाटायच्या बेतात आली.

हिशेब सांभाळणाऱ्या शकुंतलाबाईंचं घराणं चार पिढ्या बंगळुरात. त्यांनी चष्मा लावून पुढची चिठ्ठी वाचली. जावेने अख्खं खोबरं घातलं आणि मिक्सर बसला.

“यात मोटर कुठे आली? जाऊ आली,” त्या म्हणाल्या आणि जावेचा वेगळा ढीग लावला.

पवित्राने शेजारी सासूचा ढीग मांडला. झालं! झाकण गेलं उडत. मल्लेश्वरमच्या कुणा न पाहिलेल्या सासूची बाजू घेऊन गुंडूराव भांडू लागला, तर पुरुषोत्तम तिच्या सुनेचा वकील झाला. या गदारोळात भलताच ढीग फुगत गेला: नवरा. नवऱ्याने उघडला. नवऱ्याने स्क्रू हरवले. नवऱ्याने ‘स्वल्प’, म्हणजे अगदी थोडंसंच, तेल सोडलं.

मोटर सुटली! पुरुषोत्तमने स्वतः जाऊन भगवंतरावांना बोलावून आणलं. मोटर निर्दोष, झाकणही निर्दोष, असा उदार निकाल त्याने सुनावला. घरोघरचे हे अर्धवट नवरेच खरे गुन्हेगार. “नमुना ऐका, अण्णा,” म्हणत त्याने ढिगातली एक चिठ्ठी उचलून खणखणीत आवाजात वाचायला घेतली.

“मिक्सर चांगला होता. आवाज कमी करतो म्हणून हे दर रविवारी उघडतात. आता चालू केला की घरातले दिवे जातात. डाळ मी शेजारच्या अक्कांकडे वाटून आणते. तक्रार कुठे करू? हे स्वतःच…” इथे आवाज निम्मा झाला. “…तुमच्या कारखान्यात आहेत.”

भगवंतरावांनी एकेकाकडे पाहिलं.

“माझ्या घरी पाटा-वरवंटा आहे,” गुंडूराव घाईघाईने म्हणाला.

पुरुषोत्तम चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे पाहत राहिला.

“सरी, ठीक आहे,” भगवंतराव म्हणाले. “नव्या मॉडेलला असे स्क्रू लावा, की तुम्हालाच उघडता येणार नाहीत. आणि हुबळी रद्द. डेपोत दोनशे मिक्सर आहेत, तुम्हाला तिथे सोडण्याची माझी छाती नाही.”

संध्याकाळी सुचेताने दार उघडलं. “ठरलं का लोकांचं म्हणणं?”

पुरुषोत्तमने ओट्यावरचं भिजल्या डाळीचं पातेलं उचललं आणि चपला न काढताच शेजारच्या अक्कांची बेल वाजवली.