पांढरे कपडे घालून यावे

कमी खर्चात कार्यक्रम कसा करावा हे शिकायचं असेल तर आधी माझ्याकडे यावं, असं मी गेल्या फेब्रुवारीपर्यंत भेटेल त्याला सांगत होतो. एकतीस वर्षं मी चिखली आगारात कंडक्टर होतो. बावन्न सीटच्या गाडीत नव्वद माणसं आणि सात बकऱ्या बसवलेला माणूस मी! अशा माणसाला स्वतःचं लग्न दुसऱ्यांदा लावणं काय जड?

घाबरू नका, बायको तीच. कोकिळा. कल्पना आमच्या मुलीची, मंजुश्रीची. ती पुण्यात नोकरी करते. तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून कुठल्याशा रिसॉर्टवर सगळ्यांसमोर एकमेकांना पुन्हा वचनं दिली म्हणे. ‘रस्टिक थीम’ होती. तिनं फोटो पाठवले, मी चष्मा लावून पाहिले. कडब्याच्या पेंढ्या, बैलगाडीचं चाक, मातीचे माठ, कंदील. म्हणजे आमचा गोठाच, फक्त शेण उचललेला.

"बाबा, तुमचेही यंदा तीस होतात," मंजुश्री म्हणाली. "मला सुट्टी नाही, पण तुम्ही करा काहीतरी."

करण्याचं खरं कारण वेगळं होतं, तेही सांगून टाकतो. रिटायर झाल्यापासून मी दिवसभर घरात. भाजीत मीठ किती घालायचं, कपडे कुठे वाळवायचे, भांडी कशी रचायची, सगळ्यावर माझं मत तयार. कोकिळा हळूहळू कमी बोलायला लागली. एके दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही ड्युटीवर होते तेच बरं होतं." रागानं म्हणाली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण ती अगदी सहज म्हणाली. आज नव्यानं स्थळ म्हणून गेलो तर ही बाई मला पसंत करील का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला. आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे राहून पाच-पाच प्रतिज्ञा घेतात. त्याच पुन्हा घ्यायच्या, आणि तिला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

मांडव मी एकट्यानं उभा केला. शेतात उपटून ठेवलेली पऱ्हाटी होतीच. कपाशीच्या त्या वाळक्या झाडांची कमान फोटोत फार छान दिसते, पण तिच्याखालून जाणाऱ्याचा सदरा ती सोडत नाही. बसायला कडब्याच्या पेंढ्या मांडल्या. पाहुण्यांची पहिली रांग शेजारच्या म्हशीनं खाल्ली, ती पुन्हा मांडली. कोकिळाला सांगितलं, "रविवारी सकाळी विळा घेऊन शेतात ये, हरभरा सोंगायचा हाय."

आता निमंत्रण. छापायचा खर्च कशाला? मोबाईलवर फुकटच्या चौकटी मिळतात. आमचा जोडीनं काढलेला एकच बरा फोटो, त्यात माझे डोळे मिटलेले. म्हणून मी स्वतःला कापलं. उरली कोकिळा. तिच्याभोवती झेंडूची चौकट टाकली आणि खाली जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत मजकूर लिहिला:

‘कोकिळा हिच्यासोबतच्या तीस वर्षांच्या सहजीवनाच्या स्मृतिप्रीत्यर्थ रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या शेतात साध्या पद्धतीने विधी होईल. पांढरे कपडे घालून यावे. आहेर आणू नये. कोकिळाच्या किंवा मंजुश्रीच्या फोनवर कोणीही फोन करू नये. आपला, भाऊराव.’

गावात बोभाटा नको म्हणून फक्त बाहेरगावच्या लोकांना पाठवलं. पाच मिनिटांत हात जोडल्याची चित्रं येऊन पडायला लागली. ‘विश्वास बसत नाही.’ ‘फार लवकर झालं.’ ‘भाऊराव, धीर धरा.’ मला मजा वाटली. लोकांनाही तीस वर्षं लवकर गेल्यासारखी वाटत होती! आणि पुन्हा लग्न करणाऱ्याला धीर धरा म्हणण्याइतका विनोद आमच्या नात्यात आहे, याचंही कौतुक वाटलं.

मग रवीचा फोन आला. रवी म्हणजे कोकिळाचा धाकटा भाऊ, जळगाव जामोदला शिक्षक आहे.

"भाऊजी, खरं हाय का हे?"

"खरं हाय. पन तू कोनाले बोलू नको."

"मी निंगतो आत्ताच."

"आत्ता येऊन काय करशीन? सगळं झालं माहं करून."

"एकट्यानं केलं?"

"एकट्यानं. शेतातच केलं. कोनाचा हात लागू देला नाही."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मेव्हण्याला आपलं इतकं कौतुक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. रविवारीच ये, असं सांगून मी फोन ठेवला.

रविवारी पाहुणे आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे गप्प. लोणारच्या मावश्या पदर तोंडाला लावून आल्या. रवीनं मला मिठी मारली, मग एकदम दूर ढकललं, मग पुन्हा मिठी मारली. चिखलीचा धम्मरत्न, म्हणजे विधी करणारा आमचा बौद्धाचार्य, त्यानं पिशवीतून कोकिळाचा तोच फोटो काढला. मोठा करून चौकटीत बसवून आणला होता. तो त्यानं बैलगाडीच्या चाकाला टेकवला, पुढे मेणबत्ती लावली, हार घातला. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. थीमला शोभत होतं.

धम्मरत्ननं त्रिशरण-पंचशील सुरू केलं. ते आमच्याकडे प्रत्येक कार्यात असतं, त्यामुळे मला कसलीही शंका आली नाही. मग तो म्हणाला, "कोनाले दोन शब्द बोलायचे असतीन त बोला."

नारायणराव उठले. बारा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो, ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. म्हणाले, "माही बायको चार महिने अंथरुणावर होती. तवा वहिनी रोज दोन डबे द्यायच्या. भाऊरावले सांगायच्या, दुसरा तुमचाच हाय, तुमाले भूक लय लागते. मले चोरून निरोप होता, दुसरा डबा तुमी घ्या, त्याईले सांगू नका. अशी बाई होनं नाही."

तो दुसरा डबा मी नारायणरावांना द्यायचो खरा, पण माझ्या मनानं, मोठेपणानं. इतकी वर्षं मी तसंच समजत होतो.

रवी उठला. "मी डीएडले होतो तवा ताई मशीनवर लोकाइचे कपडे शिवे. मले पैसे पाठवे आन सांगे, भाऊजीनं देल्ले. मी भाऊजीच्या पाया पडत राह्यलो. बिचारी होती तवा मी तिले एक साडी नाही घेतली."

होती?

तिथे माझी ट्यूब पेटली. मी फोटोकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं. लग्नालाही पांढरं आणि गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनालाही पांढरं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’! आता मी ताबडतोब उठून सांगायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी उठलो नाही. पुढची मावशी बोलायला उभी राहत होती, आणि माझ्या बायकोबद्दल मला ठाऊक नसलेलं आणखी काय काय आहे, ते मला ऐकायचं होतं. मला लाज वाटत होती, तरी मी ऐकत बसलो.

तेवढ्यात बांधावरून कोकिळा आली. साडीवर माझा जुना खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, हातात विळा. पांढऱ्या कपड्यांतला तो मेळा पाहून ती थबकली.

"काऊन बे रव्या, कोन गेलं?"

रवी पेंढीवरून खाली घसरला. "तू," तो म्हणाला.

लोणारच्या एका मावशीच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. दुसरी कोकिळाचे हात चाचपून पाहत होती. कोकिळानं फोटो पाहिला, हार पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. रिसॉर्ट, पऱ्हाटी, झेंडूची चौकट, सगळं. लोक आधी चिडले, मग हसत सुटले. रवी तर हसता हसता रडत होता, ताईचा खाकी शर्ट धरून.

धम्मरत्न व्यवहारी माणूस. म्हणाला, "आलोच हाओत त मंगल विधी करून टाकू. कपडे पांढरेच हायेत." त्यानं फोटोचा हार काढून माझ्या हातात दिला. मी प्रतिज्ञा म्हणायला लागलो. पत्नीचा सन्मान करीन. अपमान करणार नाही. तिच्याशी एकनिष्ठ राहीन. घरातला अधिकार तिच्या हाती देईन.

"थांबा," कोकिळा म्हणाली. "हे तीस वर्षाआधीबी म्हटलं होतं तुम्ही. हा मांडव, हे पाहुने, हे सगळं मले इचारून केलं का?"

"तुले खूश करायले केलं."

"इचारलं का?"

"नाही."

"लग्नाच्या टायमालेबी तुमच्या काकानं माह्या बापाले इचारलं होतं. तुम्ही मले इचारलं होतं का?"

मी आयुष्यभर लोकांना कुठे जायचं ते विचारलं, आणि घरातल्या माणसाला एकदाही नाही. हार हातात घेऊन सगळ्यांदेखत मी विचारलं, "कोकिळा, माह्यासोबत राह्यशीन का?" आवाज इतका बारीक निघाला की धम्मरत्ननं मला पुन्हा म्हणायला लावलं.

तिनं वर उन्हाकडे पाहिलं. म्हणाली, "मी इचार करून सांगीन. ऊन चढलं म्हंजे हरभऱ्याचे घाटे फुटतीन. आधी सोंगून घेऊ."

आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माझ्या सगळ्या वऱ्हाडानं दीड एकर हरभरा सोंगला. लोणारच्या मावश्यांनीसुद्धा.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. उत्तर अजून मिळालेलं नाही. मी रोज सकाळी चहा करतो, तो तिला नेऊन देतो आणि विचारतो, "मंग, काय ठरलं?" ती म्हणते, "इचार चालू हाय." चहा पिता पिता मग आम्ही बोलत बसतो, कधी अर्धा तास, कधी तासभरही. परवा मात्र मी वैतागलो. म्हटलं, "एकदाचं हो म्हनून टाक ना, कायले लांबवून राह्यली?"

तिनं कप खाली ठेवला. "हो म्हटलं," ती म्हणाली, "त उद्यापासून तुम्ही इचारनं बंद करसान."