डोमाजींचा जपान

मालगाडी सायडिंगमधून हलली की डोमाजी मुकादम चपला काढायचे, दोन्ही हात मांड्यांवर चपटे ठेवायचे आणि कमरेतून वाकायचे. नमस्कार नव्हे, नमस्काराला हात जोडतात. हे नुसतं वाकणं, आणि गार्डचा डबा वळणाआड जाईपर्यंत वाकलेलंच राहणं. नवा गार्ड असला तर तो गोंधळून झेंडी काखेत मारून आपणही वाकायचा. जुने गार्ड पाठ फिरवून बिडी पेटवायचे.

"कुणाला वाकता मुकादम?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"जपानले."

गाडी तर तुमसरकडे चालली होती.

मी मिरजेकडचा. शाळा सातवीत सुटली. चोविसाव्या वर्षी एका पाहुण्याच्या शब्दावर नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीत लागलो, तोही टेंपररी. काम नमुन्याचं. प्रत्येक वॅगनमधून दहा ठिकाणचे खडे उचलायचे, पिशवीत सील करायचे आणि 'या वॅगनीत मालाशिवाय काही नाही' अशा कागदावर सही करायची. त्या सहीची मला फार भीती वाटे. सही करताना आजही माझी जीभ दातांत येते.

दुसऱ्याच आठवड्यात मला हिवतापानं धरलं. डोमाजींनी मला पाठुंगळी मारून आपल्या घरी नेलं. एकटा माणूस, बायको वारलेली. घरात दोन खाटा. एकीवर ते झोपत, दुसरीवर धुतलेली चादर कायम अंथरलेली.

"हे खाट जपानची आहे," मला तिच्यावर निजवत ते म्हणाले. "तू सध्या झोप. जपान आला तं उठा लागन."

तापात मला वाटलं, आपण वातात काहीतरी ऐकलं. अठरा दिवस त्यांनी मला भाताची पेज पाजली. माझ्या आईनंही इतके दिवस सलग माझं तोंड पाहून काढले नसते. हे उपकार मी विसरलो नाही, म्हणूनच पुढचं सगळं निमूट सहन केलं.

जपानचं मूळ असं. माल कुठून येतो ते पाहायला एकदा दोन जपानी माणसं खाणीवर आली होती. त्यातल्या एकानं ढिगातला खडा उचलला, स्वतःच्या रुमालानं पुसला, उन्हात धरून पाहिला आणि ढिगापाशी उभ्या डोमाजींसमोर वाकला.

"सायबानं मले पंधरा सालात बस म्हनलं नाही," डोमाजी सांगत, "अना हा परदेशचा मानूस वाकला! मंग आपून काहून नाही वाकाचं?"

तेव्हापासून दोन देशांचे संबंध त्यांनी स्वतःकडे घेतले. त्यांच्या हिशेबी ही सोयरीक होती. आपण पोरगी दिली, म्हणजे माल. तिकडं तिचं पोलाद झालं, मोटारी झाल्या, संसार झाला. आता पोरीच्या अंगावर डाग निघाला तर व्याह्याला तोंड कसं दाखवायचं? म्हणून हातोडीनं माल फोडणाऱ्या बायांच्या टोपल्या ते एकेक खडा उलटवून पाहत. हलका पांढरा गोटा दिसला की दोन बोटांत धरून विचारत, "जपानले काय वाटन?"

हा प्रश्न मालापुरता राहिला नव्हता. कुणी सायडिंगवर तंबाखूचा खर्रा थुंकलं, नवरा-बायको भांडली, वरण पातळ झालं, सगळ्याला एकच: "जपानले काय वाटन?"

बायांत गिरजाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणे, "मुकादम, तुमच्या जपानले सांगा, माह्या सासूले घेऊन जा म्हना एका वॅगनीत."

"गोटे नाही चालत तेथं," डोमाजी शांतपणे म्हणत.

एका वर्षी जपानची मागणी बसली. महिनोन्‌महिने गाडी लागेना. साहेब चिंतेत, बाया घरी, माझी नोकरी दोरीवर. डोमाजी रोज येत आणि पडून असलेल्या ढिगांच्या कडा फळीनं सरळ करत.

"आता कोण बघणार आहे मुकादम?"

"सोयरा रुसला म्हनून आंगन झाडाचं नाही काय? येते तो. येनारच."

आणि गाड्या पुन्हा लागल्या. ते जिद्दीनं झालं की बाजारभावानं, हे मी त्यांच्यासमोर कधी काढलं नाही.

माझा जीव टांगणीला लावणारी गोष्ट वेगळीच होती. भरलेल्या मालावर चुना मारतात, वाटेत कुणी काढला तर कळावं म्हणून. शेवटच्या वॅगनीवर त्या पांढऱ्या चुन्यात डोमाजी गेरूनं मोठा लाल गोल काढत. जपानचा झेंडा! इथवर ठीक. पण त्या गोलाखाली ते एक गाठोडं पुरत. जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेल्या कोहळ्याच्या वड्या, लाखोळीची डाळ, कधी मोहफुलं.

"मुकादम, मी सही केलीय! मालाशिवाय काही नाही म्हणून!"

"हे बी मालच आहे."

"जपानी माणूस लाखोळीची डाळ खातो?"

"खाते," ते ठाम म्हणाले. "लहानपनापासून खाते."

मी सही करत राहिलो. पेज प्यायलो होतो ना.

मग एके दिवशी विशाखापट्टणमच्या बंदरातून पत्र आलं. मालात भलतंच सापडतंय, नमुनेवाल्याला पाठवा. गाठोडं सापडलं! आता नोकरी गेली, मिरजेला कोणत्या तोंडानं जाऊ?

निघायच्या सकाळी डोमाजी गाठोडं घेऊनच हजर. "हे जपानले हातात देजो."

"अहो, मी जपानला नाही चाललो. बंदरापर्यंतच जाणार."

"तेथवरच द्याचं आहे," ते म्हणाले आणि चालू पडले.

गिरजाबाई माझ्याकडे बघत होती. "तुले मालूमच नाही काय रे? मुकादमाचा पोरगा होता येथं, वासुदेव. टोपलीत खाली गोटे अना वर माल भरे. बापानं सवताच हजेरीतून त्याचं नाव कापलं, साऱ्यायच्या समोर. पोरगा बोलला, 'मंग आता जपानलेच पोरगा मान!' अना गेला. सहा सालं झाली. पोर्टावर वॅगनी खाली करते म्हनतेत. मुकादमानं तेव्हापासून त्याचं नाव नाही घेतलं."

गाडीत गाठोडं मांडीवरून खाली ठेवायचं मला सुचलंच नाही.

बंदरात आमच्या ढिगाचे नमुने घेतले. माल चोख निघाला. गोटे शेजारच्या ढिगातले होते, ते चुकून आमच्या नावावर चढले होते. मी सुटकेनं नमुन्याच्या पिशवीला सील मारलं. तेवढ्यात काळ्या धुळीनं माखलेला एक दांडगा माणूस जवळ आला.

"नाकाडोंगरीचे काय तुमी? या ढिगात गोटा नाही सापडाचा."

मी गाठोडं पुढं केलं. त्यानं गाठ सोडली नाही, नुसती चाचपली.

"लाल गोल दिसला का टोळी ते वॅगन मलेच सोडते," तो म्हणाला.

मला तो घरी घेऊन गेला. त्याची बायको तिकडचीच, तेलुगू बोलणारी. तिनं धोतराचे सगळे तुकडे जोडून पोरासाठी वाकळ शिवली होती. पोर त्या वाकळीवर पालथं पडून झोपलं होतं.

"वाकते काय अजून, गाडी गेल्यावर?" त्यानं विचारलं.

"वाकतात."

त्यानं आता गाठ सोडली आणि वड्या एकेक करून मोजल्या. "तेव्हा टोपलीत गोटे मीच भरले होते. त्याले सांगजो..." मग मान हलवली. "राहू दे. त्याले मालूम आहे." मी आणलेल्या धोतराच्या तुकड्यातच त्यानं सुके झिंगे बांधले. "जपानकडून आलं म्हन."

मी परतलो तेव्हा डोमाजी ढिगाची कड सरळ करत होते. फळी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "सोयऱ्याची तक्रार?"

"काही नाही. आपला माल चोख निघाला. हे जपानकडून."

त्यांनी गाठोडं घेतलं, वास घेतला, आणि कापडाची किनार बोटांनी ओळखली. आपलंच धोतर. बाया हातोड्या थांबवून बघत होत्या. डोमाजी माझ्याकडे न पाहता, ढिगाकडे बघत म्हणाले,

"जपान बारीक झाला काय रे?"

"नाही मुकादम. पोट सुटलंय. आणि एक लहानगा जपानही झालाय. तुमच्या धोतरावर झोपतो."

ते वळले. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी गेरूचा डबा उचलला.

"मंग पुढच्या खेपेले वड्या जास्त टाका लागन," ते म्हणाले, आणि सायडिंगकडे निघाले. गाडी लागायला अजून चार दिवस होते.