वाच, अम्मा!

आमचे डॉक्टर सुंदरराव कॉफीत साखर घालण्याआधी डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचतात. समोरच्यानं 'साखर' असं परत म्हटल्याशिवाय चमचा आत जात नाही. एकदा वाढदिवसाच्या केकवरचं नाव त्यांनी तिघांकडून वाचून घेतलं, तोवर मेणबत्त्या विझल्या.

सुंदरराव तंजावरकडचे मराठी. चेन्नईतल्या आमच्या प्रसूतिगृहात ते भूल देतात. मी साताऱ्याची, त्यांच्या हाताखालची नर्स. "वाच, अम्मा" इतकं ऐकलंय की बसवर नुंगंबाक्कमची पाटी दिसली तरी मी मोठ्यानं वाचते. खरं सांगते, वैताग यायचा.

त्या दुपारी सेल्वीला धावतच आत आणलं. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत होते, सिझर ताबडतोब हवं होतं. पाठीत सुई द्यायला तिला बसवून वाकवलं. सुंदररावांनी हातमोजे चढवले. मी ट्रेमधली भुलीच्या औषधाची काचेची कुपी, अँप्युल, उचलली आणि ती फोडायला अंगठा लावला.

"राव, चला ना!" सर्जनबाई ओरडल्या.

"इरु, इरु. थांब जरा," सुंदरराव मला म्हणाले. "वाच, अम्मा."

आत्ता? माझं डोकंच फिरलं. बाई इथं कळवळतेय आणि यांचं साखरपुराण! रागारागानं नाव मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबले. हे भुलीचं औषध नव्हतं, रक्तस्राव थांबवायचं होतं. नव्या मालातली अँप्युल, तेवढीच, तशाच लेबलाची, कुणीतरी चुकीच्या कप्प्यात ठेवलेली. शिरेतून दिलं तर हे औषध बाळंतिणीला वाचवतं. पाठीच्या कण्यात गेलं तर जीव घेतं.

"दुसरी काढ," ते म्हणाले. "वाच."

दुसरी काढून मी अक्षर न् अक्षर वाचलं. त्यांनी तेच नाव परत म्हटलं आणि मगच सुई दिली. मुलगी रडली, सेल्वी हसली आणि मी कोपऱ्यात जाऊन हुंदके दिले.

नंतर सुंदरराव बाहेर स्टुलावर बसले होते. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"वाच, अम्मा."

मी वाचलं. बीपीची गोळी होती.

"सरी, बरोबर," म्हणत त्यांनी ती गिळली. "घरी बायको वाचायची, लीला. ती गेल्यापासून इथं येऊनच घेतो."

"आणि रविवारी?"

"मोठ्यानं वाचतो. उत्तर येत नाही. म्हणून परत वाचतो."

मला फार वाईट वाटलं. त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या तांबरमच्या घरी फोन लावला.

"डॉक्टर, पट्टी हातात घ्या. वाचा."

पट्टी चुरचुरल्याचा आवाज आला. मग घोगऱ्या आवाजात त्यांनी गोळीचं नाव वाचलं.

मी ते परत म्हटलं.