गडग्यावरची चाय

आंब्याच्या कलमांवर औषध मारताना लवूने नाकातोंडाला पंचा असा करकचून बांधला होता, की बघणाऱ्याला फक्त डोळे दिसावेत. पाठीवरचा पंप मात्र सकाळपासून गळत होता आणि झाडावर मारलेलं औषध उलट छातीवर ठिबकत होतं. शर्ट पुढूनमागून चिंब. पण लवूला त्याचं काय!

"विख तोंडावाटे जाता," तो बायकोला, तुळसाला, म्हणाला. "पाठीक खंय तोंड आसा?"

दुपारी शेजारच्या हरिश्चंद्राने मधल्या दगडी गडग्यावरून चहाचा पेला पुढे केला. लवू चपापला. हा गडगा कोणाच्या हद्दीत, यावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. आज एकदम चहा? पण घसा कोरडा पडला होता, म्हणून तो प्यायला.

तासाभरात डोकं गरगरू लागलं, लाळ सुटली, घामाच्या धारा लागल्या.

"तुळसा गो! हऱ्यान चायेत कायतरी घातल्यान!"

"तरीच! तो मेलो फुकट चाय कित्याक देतलो?" तुळसाने पेला हुंगला. "वास पण येता हो!"

वास येणारच. पेला लवूच्याच औषधाने माखलेल्या हातात होता ना!

शर्ट काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आधी न्याय! लवू झोकांड्या खात हरिश्चंद्राच्या अंगणात पोचला.

"चल देवळात! नारळार हात ठेवन सांग, चायेत काय घातलंस!"

"शिरा पडो तुझ्या तोंडार! तंटो मिटवूचो म्हणान चाय दिलंय, आणि तू माका खुनी ठरवतंस? चल, आत्ताच चल!"

देवळात चार माणसं जमली. हरिश्चंद्राने नारळावर हात ठेवला. "देवा म्हाराजा, चायेत आल्या-साखरेशिवाय काय असात, तर..."

धाडकन आवाज झाला. पडला तो लवू.

"देवान न्याय केल्यान!" लोक ओरडले. कोणाच्या बाजूने, ते मात्र कोणाला सांगता येईना.

हरिश्चंद्राने भांडण तिथेच सोडलं, लवूला पाठुंगळीला घेतलं आणि रिक्षापर्यंत धावत सुटला. मागोमाग धावत आलेल्या तुळसालाच गलबलून आलं. तिने तांब्या पुढे केला. "भावजीनू, वायच पाणी घेवा."

दवाखान्यात डॉक्टर नम्रताने पहिल्यांदा लवूचा शर्ट कापून काढला, अंग साबणाने धुवायला लावलं, मग इंजेक्शन. "चहाबिहा काही नाही हो. औषध कातडीतून आत गेलंय. आणखी उशीर केला असतात तर हातचे गेले असते हे."

लवू शुद्धीवर आला तेव्हा तुळसाने त्याला सगळं सांगितलं. तो शरमेने अर्धा झाला.

"हरीक बोलव गो. त्येचे पाय धरूचे आसत."

"बोलवतंय खंयसून? ते काय बाजूच्या खाटेर!"

लवूच्या ओल्या शर्टाने हरिश्चंद्राची पाठही भिजली होती. घामाघूम होऊन तो लाळ पुसत पडला होता. लवूने हात जोडले, पण त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत हरिश्चंद्राने बोट तुळसाकडे रोखलं.

"ओ डॉक्टर! ह्या वैनीन माका पाणी दिल्यान! त्या पाण्यात काय होता, ता आधी इचारा!"